उंदराची साखर मोजताना

गरोदर बाईला दवाखान्यात एक ग्लास गोड पाणी प्यायला देतात. त्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवलेलं असतं. मळमळ होते, पण ते संपवून दोन तासांनी रक्त द्यावंच लागतं. बाई पंचेचाळीस किलोची असो की नव्वद किलोची, ग्लास तोच. दोन तासांनंतरची साखर १४०च्या आत आली की घरचे निर्धास्त होतात. शरीरावर एकदम साखरेचा भार टाकला तर ते तो किती वेळात मार्गी लावतं, एवढंच ही चाचणी विचारते.

हाच प्रश्न जगभरच्या प्रयोगशाळांत रोज उंदरांना विचारला जातो. मधुमेहावरचं नवं औषध, लठ्ठपणाशी जोडलेलं एखादं जनुक, आतड्यातले जिवाणू, झोप, उपवास, मेथीचा अर्क, काहीही तपासायचं असलं तरी शोधनिबंधात एक आलेख हमखास सापडतो. आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर उंदराच्या रक्तातली साखर, आणि दोन वक्र रेषा, एक वर, एक खाली. खालची रेषा औषध दिलेल्या उंदरांची असली की वर्तमानपत्रात मथळा तयार होतो. हा आलेख काढणं सोपं आहे. त्याचा अर्थ लावणं फार जपून करायचं काम आहे, आणि ते जपणं बरेचदा राहून जातं.

आधी चाचणी कशी होते ते पाहू. सकाळी दिवे लागले की पिंजऱ्यातलं खाद्य काढून घेतात आणि उंदरांना स्वच्छ पिंजऱ्यात हलवतात. जुन्या भुशात खाद्याचा चुरा पडलेला असतो, शिवाय उंदीर स्वतःच्या लेंड्याही खातात. नुसतं खाद्य काढून घेतलं तर उपास घडतच नाही. पाणी ठेवलेलं असतं. पाच-सहा तासांनी प्रत्येकाचं वजन होतं. मग शेपटीच्या अगदी टोकाला बारीकसा छेद देऊन, शेपटी हलकेच चोळून एक थेंब काढतात आणि ग्लुकोमीटरच्या पट्टीला लावतात. आपल्याकडे घरोघरी असतो तसलाच ग्लुकोमीटर. हे शून्य मिनिट. लगेच पोटाच्या पोकळीत ग्लुकोजचं द्रावण टोचतात आणि १५, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी जखमेवरची खपली काढून पुन्हा एकेक थेंब घेतात. दहा-बारा उंदीर असले तर एकेका मिनिटाच्या अंतराने त्यांचा क्रम लावतात, आणि पुढचे दोन तास घड्याळावरून नजर हलवता येत नाही.

डोस सहसा वजनाच्या प्रत्येक किलोला दोन ग्रॅम. पंचवीस ग्रॅमच्या उंदराला म्हणजे ५० मिलिग्रॅम. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण जरा हिशेब मांडून बघा. एवढ्या उंदराच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन मिलिलिटर. साखर १५० धरली, तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज आहे तीन मिलिग्रॅम. म्हणजे रक्तात होतं त्याच्या सोळापट ग्लुकोज आपण एका टोचणीत आत घातलं. माणसाचा हिशेबही असाच येतो. पाच लिटर रक्तात ९०च्या साखरेने साडेचार ग्रॅम ग्लुकोज, आणि ग्लासात ७५ ग्रॅम. तिथेही सोळापटच! किलोमागे पाहिलं तर उंदराला माणसाच्या जवळजवळ दुप्पट मिळतं, पण रक्ताच्या मापाने दोघांवरचा भार सारखा निघतो.

निरोगी उंदराची साखर पंधरा ते तीस मिनिटांत तीनशेच्या आसपास किंवा वर चढते आणि दोन तासांत मूळच्या जागी येऊ लागते. आता त्याच जातीच्या उंदराला काही आठवडे असं खाद्य द्या की ज्यातले साठ टक्के उष्मांक चरबीतून येतात. अमेरिकेत सर्विट आणि सहकाऱ्यांनी चरबीयुक्त आहारातून उंदरांना मधुमेहाकडे नेण्याची ही वाट १९८८ मध्ये दाखवली, आणि आज ती सर्वांत रुळलेली आहे. असा लठ्ठ उंदीर चारशेच्या वर जातो आणि रेंगाळत उतरतो. कधी कधी ग्लुकोमीटर आकडा दाखवणं सोडून देतो आणि पडद्यावर नुसतं ‘हाय’ उमटतं, कारण सहाशेच्या पुढे बहुतेक यंत्रांची मजल जात नाही.

या चढण्या-उतरण्याला ग्लुकोज सहनशीलता म्हणतात. ती कुणा एका अवयवाची कामगिरी नसते, गोंधळ इथूनच सुरू होतो. ग्लुकोज वाढलं की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिनमुळे यकृत साखर बनवणं थांबवतं, आणि स्नायू व चरबीच्या पेशी साखर आत ओढू लागतात. शिवाय रक्तात साखर वाढली एवढ्याच कारणाने, इन्सुलिनची मदत नसतानाही, बरीचशी साखर पेशींत शिरते. उंदरात हा वाटा मोठा असतो. साखर फारच वर गेली तर काही लघवीवाटे बाहेर पडते. या सगळ्यांची बेरीज म्हणजे ती एक रेषा. रेषा वर राहिली तर दोष कुणाचा? बीटा पेशींनी इन्सुलिन कमी सोडलं, की पुरेसं सोडूनही स्नायूंनी त्याला दाद दिली नाही, की यकृत थांबलंच नाही? रेषेवरून हे कळत नाही.

हा फरक माणसांत पहिल्यांदा नीट दाखवला तो लंडनचे डॉक्टर हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी. इन्सुलिन हाती येऊन तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती, आणि मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा अशी सर्वसाधारण समजूत होती. हिम्सवर्थ यांनी रुग्णांना ग्लुकोज प्यायला दिलं आणि त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन टोचलं. काहींची साखर चढलीच नाही. काहींची मात्र इन्सुलिन अंगात असूनही चढत गेली. १९३६ मध्ये त्यांनी मधुमेहाचे दोन प्रकार असल्याचं मांडलं, इन्सुलिनला दाद देणारा आणि न देणारा. आज आपण टाइप वन आणि टाइप टू म्हणतो त्या विभागणीचं बीज या साध्या प्रयोगात आहे.

उंदरावर इन्सुलिन संवेदनशीलता पाहण्याची साधी चाचणी याच विचाराची. यात ग्लुकोज देतच नाहीत. थोड्या उपासानंतर इन्सुलिन टोचतात आणि साखर किती वेगाने उतरते ते तासभर बघतात. डोस किलोला अर्धं ते एक युनिट. पाऊण युनिट धरलं तर पंचवीस ग्रॅमच्या उंदराला एका युनिटचा पन्नासावा भागही लागत नाही. भारतात मिळणाऱ्या साध्या इन्सुलिनच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, म्हणजे एक मिलिलिटर दोन हजारांहून जास्त उंदरांना पुरेल. इतकं पातळ करायचं तर दुसरी अडचण येते. विरळ द्रावणातलं इन्सुलिन नळीच्या भिंतीला चिकटतं, आणि उंदराला ठरल्यापेक्षा कमी मिळतं. म्हणून द्रावणात थोडं अल्ब्युमिन घालतात, म्हणजे चिकटायला आधी ते पुढे होतं. असल्या बारीकसारीक गोष्टी शोधनिबंधात एका ओळीत उरकलेल्या असतात किंवा नसतातच.

या चाचणीत सडपातळ उंदीर जपावा लागतो. त्याची साखर चाळीसच्या खाली गेली तर तो सुस्तावतो, थरथरतो, झटके येऊन मरूही शकतो. म्हणून ग्लुकोज भरलेली सिरिंज हाताशी ठेवलेली असते. १९२०च्या दशकात तर उंदरांना येणारे झटके हेच इन्सुलिनची ताकद मोजण्याचं एक साधन होतं. आज तसं होऊ देणं म्हणजे चाचणी बिघडवणं, आणि जनावराला कारण नसताना छळणं.

शिवाय अर्ध्या तासानंतर हातात येणारे आकडे निव्वळ इन्सुलिनचे राहत नाहीत. साखर फार उतरली की शरीर घाबरून ग्लुकागॉन आणि अॅड्रेनॅलिन सोडतं, यकृत साखर ओतू लागतं आणि रेषा पुन्हा वर वळते. ती वळली म्हणून उंदीर इन्सुलिनला दाद देत नाही असं म्हणता येत नाही. पहिल्या पंधरा-तीस मिनिटांचा उतार त्यातल्या त्यात भरवशाचा. तोही कसा मांडायचा हा प्रश्न उरतोच. समजा, लठ्ठ उंदीर २२० वरून १५० वर आला आणि सडपातळ १५० वरून ८० वर. दोघांची साखर सत्तरनेच उतरली. टक्क्यांत मांडलं की एकाची ३२ टक्के आणि दुसऱ्याची ४७ टक्के. आकडे तेच आणि निष्कर्ष दोन! म्हणून मला असा निबंध वाचताना आधी टक्केवारी बाजूला सारून मूळ आकडे शोधावेसे वाटतात. ते दिलेले नसले तर निष्कर्षावर विसंबू नये.

दाद किती मिळते हे खरोखर मोजायचं असेल तर क्लॅम्प करावा लागतो. डीफ्रॉन्झो, टोबिन आणि अँड्रेस यांनी १९७९ मध्ये माणसांसाठी ही पद्धत मांडली. तिची कल्पना अगदी सरळ आहे. गळक्या हौदात पाण्याची पातळी तीच ठेवायला जितकं पाणी ओतत राहावं लागतं, तितकीच त्याची गळती. शिरेतून इन्सुलिन सतत, एका गतीने सोडायचं. साखर उतरू लागली की दुसऱ्या पंपातून ग्लुकोज सोडायचं आणि साखर एका ठरलेल्या आकड्यावर रोखून धरायची. इन्सुलिन जितकं प्रभावी तितकं जास्त ग्लुकोज लागतं. आपलं माप तेच.

हे माणसाच्या हाताच्या शिरेत करणं वेगळं आणि पंचवीस ग्रॅमच्या जिवात करणं वेगळं. उंदराला भूल देऊन मानेतल्या धमनीत आणि शिरेत केसासारख्या बारीक नळ्या बसवतात आणि कातडीखालून नेऊन मानेमागे बाहेर काढतात. मग पाच ते सात दिवस त्याला विश्रांती. शस्त्रक्रियेत घटलेलं वजन बहुतेक भरून आलं नाही तर त्या उंदरावर प्रयोग करत नाहीत. प्रयोगाच्या दिवशी तो जागा असतो, पिंजऱ्यात मोकळा फिरत असतो. रक्त धमनीतल्या नळीतून काढलं जातं, त्याला हातही लावावा लागत नाही. दर पाच-दहा मिनिटांनी एक थेंब, आकडा बघून पंपाची गती कमी-जास्त, असं दोन तास चालतं. दोन मिलिलिटर रक्ताच्या प्राण्याकडून इतके थेंब घेतले तर तो पंडुरोगी होईल, म्हणून दुसऱ्या उंदराच्या धुतलेल्या लाल पेशी सावकाश आत सोडत राहतात. सोबत किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोज दिलं की यकृत किती साखर बनवतंय ते वेगळं काढता येतं. शेवटी टू-डिऑक्सिग्लुकोज देतात. पेशी ते ग्लुकोज समजून आत घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत, त्यामुळे ते तिथेच अडकून राहतं. नंतर मांडीचा स्नायू, हृदय, चरबी, मेंदू एकेक करून तपासलं की कुणी किती साखर घेतली ते कळतं. अमेरिकेत व्हँडरबिल्ट आणि येल विद्यापीठांतल्या गटांनी हे तंत्र उंदरासाठी घासूनपुसून बसवलं. हात बसायला महिने लागतात, आणि म्हणूनच बहुतेक प्रयोगशाळा ते करत नाहीत.

ते न केल्याने काय निसटतं, हे एका उंदराने फार स्पष्ट दाखवलं आहे. बॉस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रात रोनाल्ड कान यांच्या गटात येन्स ब्र्यूनिंग यांनी असा उंदीर तयार केला की ज्याच्या फक्त स्नायूंत इन्सुलिनचा ग्राहक नव्हता. इन्सुलिन दारात आलं तरी स्नायूंना कळणारच नाही. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू घेतात असंच तोवरच्या पाठ्यपुस्तकांत होतं, तेव्हा हा उंदीर मधुमेही होणार अशी सगळ्यांची अपेक्षा. १९९८ मध्ये निकाल छापून आला. उंदराची साखर ठीक. इन्सुलिन ठीक. ग्लुकोज सहनशीलतेची रेषा साध्या भावंडांसारखीच. अंगावर चरबी आणि रक्तात ट्रायग्लिसराइड मात्र वाढलेले.

नुसत्या रेषेवर थांबलं असतं तर स्नायूंतल्या इन्सुलिनला काही महत्त्व नाही असा निष्कर्ष निघाला असता. २०००मध्ये येलच्या जेसन किम आणि जेराल्ड शुलमन यांच्याबरोबर याच उंदरांवर क्लॅम्प झाला. स्नायूंचं इन्सुलिनच्या हुकमाने साखर घेणं सुमारे ८० टक्क्यांनी घटलेलं होतं, आणि चरबीचं साखर घेणं तिपटीच्या घरात गेलेलं. स्नायूंनी नाकारलेली साखर चरबीकडे वळली होती. सहनशीलता शाबूत आणि संवेदनशीलता कोलमडलेली, दोन्ही एकाच अंगात. मधुमेहाच्या संशोधनात इतकं बोलकं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट जगातल्या सर्वांत वापरल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेतल्या उंदराची आहे. सी-५७ ब्लॅक-६ हे त्याचं नाव, रंगाने काळा. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळेत ही जात वाढवली गेली. उंदराचा पहिला जनुकीय नकाशा २००२ मध्ये छापला गेला तो याच जातीचा. १९५१ मध्ये हे उंदीर तिथून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले आणि दोन शाखा झाल्या. जॅक्सनची ‘जे’ आणि संस्थेची ‘एन’. दोन्ही शाखा सारख्याच समजून वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी ‘जे’ शाखेची ग्लुकोज सहनशीलता मुळातच कमजोर का असते याचा पाठपुरावा केला. इन्सुलिनला दाद देण्यात तिथे खोट नव्हती. बीटा पेशीच इन्सुलिन सोडायला कमी पडत होत्या. शोध घेता घेता एनएनटी नावाच्या जनुकाशी ते पोहोचले. पेशीतल्या मायटोकाँड्रियात काम करणाऱ्या या जनुकाचे पाच तुकडे ‘जे’ शाखेत कधीतरी गळून पडले होते, ‘एन’ शाखेत ते शाबूत होते. एनएनटीचा वाटा नेमका किती यावर पुढे वाद झाले, पण दोन शाखांत फरक आहे हे कायम राहिलं.

याचा परिणाम किती दूर जातो ते पाहा. एखाद्या गटाने ‘एन’ शाखेच्या उंदरात एक जनुक बंद केलं आणि तुलनेसाठी ‘जे’ शाखेचे उंदीर विकत आणले. जनुक बंद केलेल्यांची रेषा खाली आली. जनुक बंद केल्याने साखर सुधारते असं छापून आलं. प्रत्यक्षात सुधारणा जनुकामुळे झाली की बार हार्बरला गळालेल्या त्या तुकड्यांमुळे, हे कुणी सांगू शकणार नाही. अशा तुलनेचे उंदीर एकाच वेतातली भावंडं असावीत हा नियम म्हणूनच आहे.

आता उपासाकडे वळू. वर मी पाच-सहा तासांचा उपास सांगितला. बऱ्याच प्रयोगशाळा रात्रभर, सोळा-अठरा तास उपाशी ठेवतात, कारण माणसाची तपासणी रात्रभराच्या उपासाने होते. माणसाची ही सवय उंदराला लावणं मला चुकीचं वाटतं. उंदीर रात्री जागतो आणि दिवसभराचं बहुतेक खाणं रात्रीच खातो. त्याचा चयापचय, अंगाच्या प्रत्येक ग्रॅममागे, आपल्या सुमारे सातपट वेगाचा. रात्रभराच्या उपासाने त्याचं वजन पंधरा टक्क्यांच्या आसपास घटतं, यकृतातला ग्लायकोजेनचा साठा जवळजवळ संपतो. थंड खोलीत असला तर तो अंगाचं तापमान उतरवून गुंगीत जातो. सत्तर किलोच्या माणसाचं एका रात्रीत दहा किलो वजन उतरल्यावर आपण त्याची साखर तपासायला बसू का? त्यातही गंमत अशी की लांब उपासाने माणसात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि उंदरात वाढतो. त्यामुळे चरबीयुक्त खाद्याने आलेली बेपर्वाई रात्रभराच्या उपासाने झाकली जाऊ शकते. व्हँडरबिल्टच्या आयाला आणि सहकाऱ्यांनी हे २००६ मध्ये दाखवलं, तरीही रात्रभराचा उपास अजून चालूच आहे. सकाळी आठला खाद्य काढा आणि दुपारी चाचणी करा. यात अवघड असं काही नाही.

डोसाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. सडपातळ उंदीर २५ ग्रॅमचा, त्याला ५० मिलिग्रॅम ग्लुकोज. लठ्ठ उंदीर ४५ ग्रॅमचा, त्याला त्याच दराने ९०. पण लठ्ठ उंदराचं वाढलेलं वजन मुख्यतः चरबीचं असतं, आणि चरबी साखर फारशी घेत नाही. घेणारे स्नायू आणि यकृत थोडेच वाढलेले असतात. म्हणजे जवळजवळ तेवढ्याच स्नायूंवर आपण जवळजवळ दुप्पट भार टाकला, आणि रेषा वर गेल्यावर त्याला असहनशीलता म्हटलं. इन्सुलिनच्या चाचणीत हीच चूक उलट्या बाजूने होते. लठ्ठ उंदराला जास्त इन्सुलिन मिळतं आणि त्याचा दोष झाकला जातो. गरोदर बाईच्या ग्लासात आपण वजन बघत नाही, मग उंदरालाच का तोलायचं? सगळ्यांना एकच डोस द्यावा, नाहीतर चरबी वगळून उरलेल्या वजनावर द्यावा. चरबी वगळून वजन सांगणारी यंत्रं आहेत, उंदराला भूल न देता काही मिनिटांत ती आकडा देतात.

ग्लुकोज कुठून द्यायचं तेही ठरवावं लागतं. पोटाच्या पोकळीत टोचलं तर आतडं वगळलं जातं. तोंडावाटे नळीने जठरात घातलं तर आतड्यातून जीएलपी-वनसारखी संप्रेरकं सुटतात आणि ती बीटा पेशींना आणखी इन्सुलिन सोडायला लावतात. ओझेम्पिकसारखी आज गाजणारी औषधं याच संप्रेरकाची नक्कल करतात. आतड्याशी संबंधित औषध तपासायचं आणि ग्लुकोज पोटात टोचायचं, तर परीक्षाच चुकीच्या विषयाची घेतली.

आणि माणसाचा हात. उंदराला पकडलं की त्याचं यकृत रक्तात साखर सोडतं. नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी साखर वाढते. लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं की शेपटीला धरून उचललेले उंदीर घाबरट होतात, आणि नळकांड्यातून किंवा ओंजळीत घेऊन उचललेले शांत राहतात. मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये तर पुरुष संशोधकाच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो असं नोंदवलं. चाचणीआधी आठवडाभर रोज तोच हात, तीच खोली, तीच वेळ असा सराव देणारी प्रयोगशाळा मला जास्त भरवशाची वाटते, मग तिच्याकडे यंत्रं कमी का असेनात. खोलीच्या तापमानाचंही तसंच. माणसांना बरी वाटणारी २२ अंशांची खोली उंदराला थंड असते, त्याला सुखाचे ३० अंश. थंडीत ऊब टिकवण्यासाठी तो बरीच साखर आणि चरबी जाळतो, आणि ते सगळं आपल्या आलेखात येतं. माद्या चरबीयुक्त खाद्याला नरांइतक्या बळी पडत नाहीत, म्हणून कित्येक प्रयोग फक्त नरांवर झाले. हे आता बदलतं आहे, बदलायलाच हवं.

टोचाटोची टाळून उपाशीपोटीच्या साखर आणि इन्सुलिनच्या एकेका आकड्यावरून संवेदनशीलता काढण्याचा मोहही पडतो. होमा नावाचा असा निर्देशांक ऑक्सफर्डला १९८५ मध्ये तयार झाला, पण माणसांसाठी. त्यातले स्थिरांक माणसाचे आहेत, ते उंदराला लावायला आधार नाही. उपाशीपोटीच्या आकड्यावर मुळात किती विसंबावं हा प्रश्न पुण्याच्या आयसरमध्ये मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनीही धसाला लावला. इन्सुलिनची क्रिया निरनिराळ्या मार्गांनी दाबलेल्या प्राण्यांवरचे प्रयोग त्यांनी एकत्र तपासले. इन्सुलिन दाबल्यावर ग्लुकोज दिल्यानंतरची साखर बदलते, उपाशीपोटीची मात्र बहुधा तशी वाढत नाही, असं त्यांनी २०२० मध्ये मांडलं. हे सर्वांना पटलेलं नाही. तरी उंदरांवरच्या आकड्यांकडे पुन्हा नीट बघायला लावणारं हे काम आहे.

अमेरिकेतल्या उंदीर-चाचणी केंद्रांनी २०१० मध्ये या सगळ्या पद्धतींचे लेखी नियम छापले, आणि ते कुणालाही मोफत वाचता येतात. तेव्हा पुढच्या वेळी ‘उंदरांमधला मधुमेह बरा झाला’ असं वाचलं की इतकं तरी विचारा: उपास किती तासांचा होता, डोस कशावर ठरवला, तुलनेचे उंदीर कुठले, आणि औषधाने उंदरांनी खाणंच कमी केलं होतं का? खाणं कमी झालं की वजन उतरतं आणि वजन उतरलं की रेषा खाली येते, मग त्यात औषधाचं स्वतःचं श्रेय किती ते कळत नाही.

आणि हे काम प्रत्यक्ष करणाऱ्या, पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या मुलामुलींना एक विनंती. ग्लुकोज सहनशीलतेची चाचणी कराल तेव्हा निदान शून्य आणि पंधराव्या मिनिटाला इन्सुलिनही मोजा. रेषा वर राहण्यात बीटा पेशींचा हात आहे की नाही, हे त्या दोन आकड्यांशिवाय सांगता येत नाही. उंदराच्या इन्सुलिनसाठी मिळणाऱ्या आजच्या चाचणी-संचांना एका वेळी पाच मायक्रोलिटर प्लाझ्मा पुरतो.